हजरत उमर यांचा उंट आणि आमचं हेलिकॉप्टर

पोस्टवर मी चढलो तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. वय चोवीस, सर्व्हिस पाच वर्षं, रँक सिपाही. उंची अठरा हजार फुटांच्या थोडी वर. पोस्टचं नाव सांगत नाही, आणि सांगितलं तरी तुम्हाला ते नकाशात सापडायचं नाही. अकरा माणसं, फायबरच्या दोन झोपड्या, एक रेडिओ सेट आणि साठ पावलं खाली हेलिकॉप्टर टेकेल एवढी सपाट जागा. तिला आम्ही मोठ्या ऐटीत हेलिपॅड म्हणत होतो. वर्ध्याच्या बसस्टँडवर एसटीला वळायला याहून जास्त जागा मिळते.

मी पुंडलिक भोयर, मूळचा पवनारचा. धाम नदीच्या काठाला आमचं शेत आहे, कापूस आणि तूर. मे महिन्यात आमच्याकडे भर दुपारी चप्पल डांबराला चिकटते. असल्या मुलखातल्या माणसाला उणे तीस डिग्रीत नेऊन ठेवलं, यात सैन्याचा काही दोष नाही. भरतीच्या रांगेत मीच उभा राहिलो होतो.

पोस्ट कमांडर होते नायब सुभेदार करीम शेख. देवळीचे. म्हणजे घरी असतो तर आम्ही एकाच एसटीत बसलो असतो. बुटके, रुंद खांद्यांचे, आवाज बारीक. मी सामान खाली ठेवून सॅल्यूट केला.

"कोण्या गावचा बे तू?"

"पवनार, साहेब."

"मंग त वर्ध्याचाच झाला. पाह्य, गाववाला म्हणून तुले सवलत भेटणार नाई. जास्तीचं कामबी भेटणार नाई. इथं पाळी हाय."

पाळी म्हणजे काय ते त्याच दिवशी कळलं. झोपडीच्या दारामागे प्लायवूडचा एक तुकडा ठोकलेला होता आणि त्यावर अकरा आडनावं. बर्फ वितळवून पाणी करणं, छपरावरचा बर्फ फावड्यानं काढणं, सेंट्री म्हणजे पहारा, संडासाचा डबा, सगळं त्या क्रमानं फिरायचं. यादीत रँक नव्हती. जेसीओनं, म्हणजे सुभेदार दर्जाच्या अधिकाऱ्यानं, फावडं मारावं असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, पण शेख साहेबांची पाळी आली की ते फावडं घेऊन छपरावर. बुखारीजवळची, म्हणजे रॉकेलच्या शेगडीजवळची झोपायची जागासुद्धा रोज पुढे सरकायची. पहिल्या आठवड्यात मला हे नाटक वाटलं. नवा माणूस आलाय, त्याच्यासमोर साहेब चांगले वागून दाखवताहेत. तीन आठवड्यांनी माझी खात्री पटली. इतके दिवस नाटक करायला माणसाच्या छातीत हवा लागते आणि ती तिथं मुळातच कमी होती.

दिनक्रम सांगतो. साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सज्ज उभं राहणं. साडेसहाला नर्सिंग असिस्टंट नायक थोरात, साताऱ्याकडचा, सगळ्यांची बोटं तपासायचा. बोटाला चिमट्यासारखं एक यंत्र लावलं की रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसतो. आजकाल तुम्हा सगळ्यांनाच ते माहीत आहे. आकडा वहीत जायचा. आठला रेडिओवर हजेरी. दिवसभर बर्फाशी मारामारी. संध्याकाळी साडेपाचला जेवण, आणि त्यानंतर तासभर बुखारीभोवती गप्पा.

त्या तासाभरात आम्हाला हजरत उमर भेटले.

शेख साहेबांचे वडील बैलगाडीनं वर्ध्याच्या जिनिंगला कापूस घेऊन जायचे. वाटेत बैल चालत राहायचे आणि वडील खलिफांच्या, म्हणजे पैगंबरांनंतर राज्य चालवणाऱ्यांच्या गोष्टी सांगायचे. साहेबांनी त्या तशाच्या तशा पोस्टवर आणल्या होत्या. ते सांगायला लागले की उमर मदिनेचे न वाटता देवळीच्या बाजारातले वाटायचे.

"उमर म्हंजे साधासुधा मानूस नव्हता," ते म्हणायचे. "पैलवान गडी. लोक रस्ता सोडत. आधी तर पैगंबर साहेबायच्या विरोधात होता. तलवार घेऊन मारायलेच निघाला होता. बहिणीच्या घरी कुराण आयकलं अन् जागेवर पलटला. असा मानूस खलिफा झाला तर काय करन? सगळ्यायले वाटलं, आता डंडा फिरवते. पण त्यानं पयला डंडा सोतावर फिरवला."

मग एकेक गोष्ट यायची. दुष्काळ पडला तेव्हा उमर यांनी तूप आणि मांस सोडलं. लोकांना मिळत नाही तोवर मलाही नको, म्हणाले. नुसतं तेल खाऊन त्यांचा गोरा रंग काळवंडला. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, पण अंगरख्याला ठिगळं. आणि दुसरी एक गोष्ट. सगळ्यांना सारखं कापड वाटलं गेलं. उमर उंचपुरे, एका वाट्यात त्यांचा अंगरखा बसणं शक्य नव्हतं. ते बोलायला उभे राहिले तर गर्दीतला एक माणूस उठला आणि म्हणाला, तुमचा अंगरखा एवढा लांब कसा ते सांगा, मग तुमचं ऐकू. खलिफा चिडले नाहीत. मुलाला पुढे बोलावलं. मुलानं सांगितलं, माझा वाटा मी वडिलांना दिला. तेव्हा तो माणूस खाली बसला.

ही गोष्ट ऐकल्यावर माझी जीभ वळवळली. माझा स्वभावच तसा. दोन दिवसांनी जेवणानंतर मी सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, आमाले लोकरीच्या मोज्याची एक जोडी आली. तुमच्या पायात दोन काऊन?"

थोरातनं मला कोपरानं ढोसलं. साहेबांनी पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एक इश्यूची. दुसरी तुया भाभीनं विणून पाठवली. पार्सल कोणासमोर उघडलं?"

"माझ्यासमोर, साहेब," थोरात म्हणाला.

"झालं समाधान?"

"हाव, साहेब."

"विचारलं ते बरं केलं. मनात ठेवलं असतं तर माह्या ऑर्डरीले गंज चढला असता." आणि मग हसून, "पण पुंडलिक, उमरले विचारणारा मानूस खाली बसला होता. तूबी बस आता."

एवढ्यावर तो विषय मिटला. दुसऱ्या दिवशी मला सेंट्रीची जास्तीची पाळी लागली नाही. मी त्याचीच वाट पाहत होतो, हे कबूल करतो.

उंटाची गोष्ट साहेबांना सगळ्यांत प्रिय होती. जेरुसलेमच्या लोकांनी शहर उमर यांच्या हवाली करायचं ठरवलं तेव्हा ते मदिनेहून निघाले. बरोबर एक नोकर, आणि दोघांत एक उंट. थोडा वेळ हा बसेल, थोडा वेळ तो. शहर दिसायला लागलं तेव्हा बसायची पाळी नोकराची होती. नोकर म्हणाला, मालक, आता तरी तुम्ही बसा, लोक बघतील. उमर म्हणाले, पाळी तुझी आहे. आणि एवढ्या मोठ्या शहराच्या वेशीत खलिफा शिरले ते उंटाची दोरी धरून, पायी.

"साहेब, हजरत उमर आपल्या पोस्टवर चढले असते काय?" मी एकदा विचारलं.

"चढले असते. पाळीनं," ते म्हणाले.

फेब्रुवारीत हवामान बिघडलं. सलग नऊ दिवस हेलिकॉप्टर नाही. वारा असा की दारातून बाहेर जायला दोरी धरावी लागे. ताजं काही उरलं नव्हतं. दुधाची पावडर संपत आली तेव्हा साहेबांनी न सांगता काळा चहा सुरू केला. त्यांना कुणी काही म्हटलं नाही, पण चार दिवसांत अकराच्या अकरा माणसं काळा चहा पीत होती आणि उरलेली पावडर थोरातच्या पेटीत आजाऱ्यांसाठी पडून होती.

आठव्या दिवशी मला खोकला लागला. साहेबांना तो दोन दिवस आधीच लागला होता. नवव्या दिवशी सकाळी माझ्या थुंकीत गुलाबी फेस आला. त्या उंचीवर याचा अर्थ एकच असतो, फुफ्फुसात पाणी. माणूस खाली नेला तर वाचतो. वर राहिला तर त्याच्या हातात फार दिवस नसतात. थोरातनं मला ऑक्सिजन लावला. दुपारी त्यानं साहेबांच्या छातीला कान लावला आणि त्यांनाही ऑक्सिजन दिला. सिलिंडर दोनच उरले होते.

साहेबांनी आजाऱ्यांसाठी नियम पहिल्याच महिन्यात घालून दिला होता. खाली कोण आधी जाणार ते थोरात ठरवणार. ज्याचा आकडा कमी, तो आधी. रँक नाही, सर्व्हिस नाही.

दहाव्या दिवशी सकाळी सात चाळीसला ढग फाटले आणि निळा तुकडा दिसला. सात बावन्नला ऑपरेटरनं हेडफोन काढला.

"साहेब, एक चॉपर निघतंय. एकच फेरी. एकच पेशंट. मागे ढग आहेत."

मी स्लीपिंग बॅगमध्ये भिंतीला टेकून बसवलेला होतो. डोळ्यांपुढे मधूनमधून काळोख येत होता, पण पुढचं मला आठवतं. साहेब समोर बसले होते. गरम पाण्याचा मग दोन्ही तळव्यांत घट्ट धरलेला. मग त्यांनी बोट पुढे केलं आणि थोरातनं यंत्र लावलं. नंतर मला झापड आली. जाग आली तेव्हा रेडिओवर खालच्या बेसचे अधिकारी बोलत होते.

"जेसीओ फर्स्ट. कन्फर्म करा. ओव्हर."

साहेबांनी हँडसेट घेतला. दर चार शब्दांनी त्यांना थांबावं लागत होतं. "नंबर एक सिपाही भोयर. नंबर दोन नायब सुभेदार शेख. ओव्हर."

"शेख, तुम्ही पोस्ट कमांडर आहात. रिपीट, जेसीओ फर्स्ट. ओव्हर."

"सर, नंबर मेडिकलचा आहे. नर्सिंग असिस्टंट बोलेल. ओव्हर."

थोरातनं हँडसेट घेतला. "नंबर एक भोयर. ओव्हर."

खरखरीतून उत्तर आलं.

"रॉजर. भोयर. आऊट."

मी मास्क बाजूला केला. "साहेब, तुमी जा."

"मास्क लाव बे. बोलू नको, दम लागते."

"साहेब, घरी भाभी..."

"तुया घरी कोणी नाई काय? चाल, बस उंटावर."

हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. चौघांनी मला स्ट्रेचरवर घातलं. आठ एकवीसला हेलिकॉप्टर टेकलं आणि दोन मिनिटांच्या आत उठलं. नऊ वाजता ढगांनी दरी बंद केली. थोरातनं साहेबांसाठी दोन्ही सिलिंडर वापरले, माणसाला आत झोपवायची हवेच्या दाबाची पिशवी वापरली, ती पायानं पंप करायला सगळे पाळीनं उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वीसला नायब सुभेदार करीम शेख गेले. हेलिकॉप्टर त्यानंतरच्या दिवशी पोचलं. मला हॉस्पिटलमध्ये सहाव्या दिवशी सांगितलं.

याला तेरा वर्षं झाली. मी बरा झालो, पुन्हा पलटणीत गेलो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता वर्ध्याजवळ नालवाडीला घर आहे, बायको आहे, मुलगी पाचवीत आहे. सगळं त्या आठ एकवीसच्या हेलिकॉप्टरमुळे. पण खरं सांगतो, बरीच वर्षं मी साहेबांवर चिडलेला होतो. मनातल्या मनात भांडायचो. उमर यांनी नोकराला उंटावर बसवलं, मान्य. पण उमर स्वतः शहरात पोचले ना, साहेब? तुम्ही कुठे पोचलात?

आणि एक संशय मला पोखरत होता, तो मी बायकोलाही सांगितला नव्हता. तो गरम पाण्याचा मग. बोट थंड असेल तर ते यंत्र खोटा, कमी आकडा दाखवतं. बोट गरम केलं की आकडा वर जातो. साहेबांनी स्वतःचे हात गरम केले आणि माझी बोटं गार पडलेली होती. म्हणजे साहेबांनी मुद्दाम आपला आकडा वर चढवला, मला नंबर एक केलं आणि आपली जागा मला दिली. पाळी त्यांची होती आणि ती मी खाल्ली, हा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला होता.

दरवर्षी फेब्रुवारीत मी वर्ध्याहून एसटीनं देवळीला जातो. जुबेदाभाभींकडे चहा घेतो, मग कबरस्तानात जातो. दरवर्षी भाभींना एकच सांगायचो, साहेबांनी माझ्यासाठी जीव दिला. त्या ऐकून घ्यायच्या. यंदा सव्वीस जानेवारीला इथल्या एका शाळेनं मला बोलायला बोलावलं. मी तिथंही तेच सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाइलवर ते घेतलं आणि आजकाल जसं होतं तसं ते फिरत फिरत देवळीला पोचलं.

फेब्रुवारीत गेलो तर भाभींनी चहा समोर ठेवला आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या. एरवी त्या उभ्यानंच बोलतात.

"भाऊ, तुमी शाळेत काय सांगतलं? त्यायनं सोताची जागा तुमाले देल्ली म्हणून?"

"हाव भाभी. खरंच आहे ते."

"कोणं सांगतलं तुमाले खरं आहे?"

मग तेरा वर्षांत पहिल्यांदा मगाची गोष्ट तोंडातून बाहेर पडली. हात कसे गरम केले, आकडा कसा वर गेला असेल, सगळं. सांगताना माझं मलाच रडू आलं. मी थांबल्यावर भाभी म्हणाल्या, "अन् हे तुमी तेरा वर्षं पोटात घेऊन फिरून राह्यले?"

"मग काय करू?"

"विचाराचं होतं ना. मोज्याचं तर लगेच विचारलं होतं." मोज्यांची गोष्ट साहेबांनी त्यांना पत्रात लिहिली होती. "थोरात त्यायले घेऊन इथंवर आला होता. याच घरात बसला होता. त्यानं मले सारं सांगतलं. तुमी डोये मिटून पडले होते. त्यायचे हात गरम झाल्यावर ते थोरातले म्हणे, याचे हात गार हायेत, हे माप बराबर नाई. मंग त्यायनं तुमचे हात सोताच्या हातात घेतले अन् चोळले. दम लागून राह्यला होता तरी चोळत बसले. बोटं ऊन झाली तवा थोरातले म्हणे, आता मोज. दोघायचंबी दोनदा मोजलं. दोनी टायमाले तुमचाच आकडा खाली होता."

मी माझ्या हातांकडे पाहिलं.

"त्यायचा आकडा खाली असता ना भाऊ, तर ते गेले असते. तुमाले तिथं ठेवून गेले असते. डोयात पानी आलं असतं, पण गेले असते. ज्याचा नंबर तो. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तरी तेच. तुमच्यासाठी जीव देल्ला म्हणता तवा तुमाले वाटते तुमी त्यायले मोठं करून राह्यले. मले आयकून वाईट वाटते. त्यायनं दया नाई केली. न्याय केला. हा त्यायचा जनमभराचा धंदा होता, अन् तुमी त्याची खैरात करून टाकली."

पहिल्यांदा मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. तेरा वर्षं मी साहेबांच्या जिवाची किंमत होतो. आता मी यादीतलं एक आडनाव झालो. मग हळूहळू छातीवरचं ओझं उतरायला लागलं, तसं ते ऑक्सिजनच्या मास्कनंही उतरलं नव्हतं. ती जागा माझीच होती. मी कुणाचं काही खाल्लं नव्हतं. आणि ज्या माणसाला स्वतःला श्वास पुरत नव्हता, त्यानं माझे हात चोळले होते. मला वाचवायला नाही. माप बरोबर यावं म्हणून. तिथं माप चुकलं असतं तर त्यांचा फायदा झाला असता की माझा, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

भाभींनी पदरानं डोळे पुसले. "चहा थंडा झाला," म्हणाल्या आणि दुसरा ठेवायला उठल्या.

तिथून कबरस्तानात गेलो. तीनचा सुमार. बाभळीखाली साहेबांची साधी कबर आहे, दगडावर नाव, रँक आणि पलटण. दरवर्षी मी तिथं सॅल्यूट करून एकच म्हणायचो, साहेब, माफ करा. यंदा ते ओठावर आलंच नाही. सॅल्यूट केला आणि म्हणालो, "साहेब, तुमच्या पोस्टवर होतो, हे नशीब माहं."